वाघाचा पंजा: हुंग गार शिकणाऱ्या नवख्यांसाठी

कुंग फूच्या क्लासला नाव घातलेला मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हमखास विचारतो, “पंजा कधी शिकवणार?” बोटं वाकडी, नखं पुढे, डोळे वटारलेले असा पंजा त्याने पडद्यावर पाहिलेला असतो आणि हा ओरबाडायचा प्रकार आहे अशी त्याची पक्की समजूत असते. खरं तर पंजा हे पकडीचं काम आहे. आधी तळव्याचा दणका किंवा हाताचा स्पर्श, मग बोटांची पकड, मग ओढ, आणि ओढल्यामुळे तोल गेलेल्या माणसाला दुसरा हात. याच क्रमाने या गोष्टी आल्या तर पंजा लढताना उपयोगी पडतो. नुसती बोटं वाकवून उभं राहिलात तर फोटो छान येईल, एवढंच.

इथे मी दक्षिण चीनमधल्या हुंग गार शैलीचा वाघाचा पंजा, म्हणजे ‘फू जाउ’, धरून चाललो आहे. नवख्याला तो समजायला सोपा आहे, आणि वुशू, म्हणजे स्पर्धेतलं चिनी कुंग फू, शिकलेल्यांना ‘नानछ्वान’ या दक्षिणी प्रकारातून त्याची तोंडओळख झालेली असतेच.

थोडं घराणं

हुंग गार ही ग्वांगदोंग प्रांतातली शैली. शाओलिन मठ जळाला, तिथून निसटलेल्या गुरूकडून हुंग हेइ-गुन नावाचा चहाचा व्यापारी शिकला, अशी तिची जन्मकथा सांगतात. ती कथा म्हणूनच ऐकावी. कागदोपत्री भक्कम उभा असलेला माणूस म्हणजे फोशानचा वाँग फेइ-हुंग (1847-1925). तो जेवढा लढवय्या होता तेवढाच हाडवैद्यही होता. ग्वांगझोउमध्ये ‘पो ची लाम’ नावाचा त्याचा दवाखाना होता. त्याचा शिष्य लाम साइ-विंग मूळचा डुकराचं मांस विकणारा. पुढे त्याने या शैलीचे फॉर्म, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, पुस्तकांतून छापून आणले, त्यामुळे ते हाँगकाँगमार्गे जगभर गेले. त्यातला ‘फू होक सेउंग यिंग’, म्हणजे वाघ आणि करकोचा यांचा जोड फॉर्म, हे पंजा शिकण्याचं मुख्य ठिकाण. वाघ त्यात धरतो, ओढतो, दाबतो. करकोचा अंतर राखतो आणि चोचीने टोचतो.

उत्तरेकडे गरुडाचा पंजा आहे, ‘यिंग जाउ’. तो हेबेइ प्रांतातला. चेन झिझेंग या गुरूने तो शांघायच्या जिंग वू संस्थेत शिकवला (संस्था 1910 ची) आणि तिथून तो दक्षिणेत पोचला. सोंग काळातल्या यूए फेइ या सेनापतीपर्यंत त्याचं मूळ नेतात, पण तीही परंपरेची गोष्ट. आपल्या कामाचा फरक हाताच्या आकारात आहे. वाघाची बोटं फाकलेली असतात आणि तळवा पुढे असतो. गरुडाची चार बोटं एकमेकांना चिकटून असतात, अंगठा समोरून येतो, आणि दोहोंच्या मध्ये मनगट किंवा दंडातली खाच चिमटीत सापडते. गरुडाच्या पकडीला बोटांची ताकद फार लागते आणि सांध्यांच्या डावांचं, म्हणजे ‘छिन ना’चं, बरंच शिक्षण लागतं. म्हणून सुरुवात वाघापासून. ड्रॅगनचा पंजा वगैरे बाकीचे प्रकार पहिल्या वर्षी बाजूला राहिले तरी काही बिघडत नाही.

हात लावण्यापूर्वी

पंजा म्हटला की आपल्याला वाघनखं आठवतात. ती पोलादाची होती. तुमची नखं कापून या, अगदी पेराच्या मांसाबरोबर. लांब नख समोरच्याला लागतं ते लागतंच, पण जास्त वेळा ते टीशर्टमध्ये अडकून मुळापासून उचकटतं. अंगठी, कडं, मनगटातले धागे, घड्याळ, सगळं काढून ठेवा. अंगठी कापडात अडकली आणि समोरच्याने हिसका दिला तर बोटाची कातडी सोलून निघू शकते. या बाबतीत “सैल आहे, काही होत नाही” हे ऐकून घेऊ नका.

शिकणारा पंधरा-सोळा वर्षांच्या आतला असेल तर आकार, पवित्रा, जोडीदारासोबतचे हलके सराव सगळं चालेल. बोटांवरचे जोर आणि बोटांनी वजन उचलणं मात्र नको. वाढीच्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीची पट्टी कच्ची असते. कड्यांवर चढण्याचा खेळ खेळणाऱ्या किशोरांमध्ये बोटाच्या मधल्या सांध्याजवळ ही पट्टी तडकण्याची दुखापत डॉक्टरांना चांगली माहीत आहे. भार बोटांवरच येतो, खेळ कुठलाही असो.

आकार बसवणं

उजवा हात छातीसमोर धरा, तळवा समोर, बोटं सरळ आणि फाकलेली. आता बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, ज्यावर मूठ वळल्यावर उंचवटे दिसतात ते, मागे ढकला. तळव्याचा मधला भाग आपोआप पुढे येतो. तसं ठेवूनच बोटांचे वरचे दोन्ही सांधे वाकवा. अंगठाही वाकवा आणि बाजूला उभा ठेवा. तो एकटा बाहेर लोंबकळला तर पहिला तोच मुरगळतो. शेवटी मनगट मागे घ्या.

बहुतेकांची चूक दुसऱ्या टप्प्यात होते. वरचे सांधे वाकवताना मुळाचे सांधेही पुढे येतात आणि पंजाची अर्धवट मूठ होते. दुसऱ्या हाताने ते मुळाचे सांधे मागे दाबून धरा आणि फक्त टोकं वाकवा. सुरुवातीला करंगळी ऐकत नाही. चालेल.

आकार बरोबर आहे का ते भिंत सांगते. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून पंजा हळूच टेकवा. मनगटाजवळचा तळव्याचा जाड भाग आधी लागला पाहिजे आणि बोटांची टोकं त्यानंतर, नुसती शिवल्यासारखी. टोकं आधी लागत असतील तर मनगट पुरेसं मागे गेलेलं नाही. हे आज भिंतीवर दुरुस्त केलं नाही तर उद्या पॅडवर बोटं दुमडतील.

ताठपणाबद्दल एक गोष्ट. फॉर्ममध्ये काही ठिकाणी पंजा मुद्दाम ताणून, सावकाश, श्वासासोबत पुढे नेतात. तो ताकद कमावण्याचा व्यायाम आहे. लढताना हात स्पर्श होईपर्यंत सैल असतो, स्पर्शाच्या क्षणी घट्ट होतो आणि काम झालं की पुन्हा सैल. सतत ताणलेला हात सावकाश फिरतो आणि खांदा लवकर थकवतो.

ताकद राहते कुठे

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं भरभर वळवा-उघडा. तळहाताखाली काहीतरी सरकताना जाणवेल. बोटं वाकवणारे मोठे स्नायू तिथे आहेत. बोटांमध्ये ते नाहीतच. तिथे फक्त टेंडनचे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे, दोर पोचतात. म्हणून बोटं “कडक” करण्याच्या नादात दगडावर, वाळूच्या पोत्यावर आपटत बसण्याने पकड वाढत नाही. पकड कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात वाढते.

आता दुसरी परीक्षा. एक पेन उजव्या मुठीत आवळा. मनगट पूर्णपणे आतल्या बाजूला, तळव्याच्या दिशेने मुडपा आणि तसंच आवळत राहा. मूठ ढिली पडते, पेन सहज काढून घेता येतं. मनगट सरळ किंवा किंचित मागे ठेवलंत की तेच पेन निघत नाही. याचा लढण्याशी थेट संबंध आहे. तळव्याने मारताना मनगट जास्त मागे, धरताना किंचित मागे, आणि ओढताना ते आत मुडपू द्यायचं नाही. समोरच्याची पकड सोडवायची असेल तर त्याचं मनगट आत मुडपायला लावा, अर्धं काम तिथेच होतं.

ताकदीसाठी पाच साधे सराव. आठवड्यातून तीनदा पुरेत. रोज करू नका, कारण स्नायू लवकर तयार होतात पण टेंडन मागे राहतात.

जुना टॉवेल भिजवून पिळा, दोन्ही दिशांनी, शेवटचा थेंब निघेपर्यंत. नंतर वर्तमानपत्राचं एक पान टेबलावर पसरून एकाच हाताने, बोटांच्या टोकांनी ओढत ओढत त्याचा घट्ट गोळा करा. सोपं वाटतं. तिसऱ्या पानाला हात पेटतो. मग तांदळाने भरलेली छोटी बादली: हात त्यात खुपसून पंजा उघडायचा, मिटायचा, फिरवायचा. चीनमध्ये निमुळत्या गळ्याची मातीची भांडी काठाला धरून उचलायची जुनी पद्धत आहे. आपल्याला घरातली रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी पुरते. एक-दीड किलो वाळू भरून सुरुवात करा, वरून पाच बोटांनी काठ धरा आणि कमरेच्या उंचीवर धरून दहा-वीस पावलं चाला. दर पंधरवड्याला मूठ-दोन मुठी वाळू वाढवा. एकदम पाच किलो भरून व्हिडिओ काढण्याचा मोह आवरा.

पाचवा सराव लोक गाळतात आणि तोच सगळ्यात गरजेचा. पाचही बोटांभोवती रबर बँड घालून बोटं बाहेर उघडा, वीस-पंचवीस वेळा. बोटं मिटणारे स्नायूच कमावले आणि उघडणारे तसेच ठेवले की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू होऊ शकतं आणि ते महिनोन्महिने पाठ सोडत नाही.

बोटांवरचे जोर सहा महिने तरी नकोत. पुढे करायचेच असतील तर आधी भिंतीवर, मग टेबलाच्या कडेवर, मग गुडघे टेकून. बोटं वरच्या सांध्यात उलटी वळत असतील तर त्या दिवशी थांबा.

आधी तळवा

पंजाचा फटका म्हणजे मनगटाजवळच्या जाड भागाचा फटका. ग्लोव्हज न घालता मुठीने कुणाच्या कपाळावर मारलं की करंगळीच्या मागचं तळहाताचं हाड मोडू शकतं. रस्त्यावरच्या भांडणानंतर अस्थिरोग विभागात ही केस नेहमीची. तळव्याला तो धोका बराच कमी.

पॅडवर सराव असा करा. जोडीदाराने पॅड छातीच्या उंचीवर धरायचं. तुम्ही हात सैल ठेवून सरळ रेषेत पुढे न्या आणि पोचताना मनगट मागे घेऊन जाड भाग पॅडवर बसवा. बोटं वाकलेली आणि पॅडपासून किंचित दूर. फटका बसल्यावर हात मागे आणू नका. तिथेच राहून बोटं मिटा आणि पॅडची कड पकडून खाली ओढा. “ठप” आणि “खर्र” असे दोन आवाज वेगवेगळे यायला हवेत. पहिले काही दिवस ते वेगळेच येऊ द्या. हळूहळू मधलं अंतर कमी होतं.

पाय आणि कंबरेचं थोडक्यात. हुंग गारचा घोड्याचा पवित्रा, ‘सेइ पिंग मा’, खोल आणि रुंद असतो. ताकदीसाठी तो धरून उभं राहा, पण जोडीदारासोबत काम करताना पुढचा गुडघा वाकलेला आणि मागचा पाय लांब असा पवित्रा घ्या. फटका मागच्या टाचेतून, ओढ कमरेच्या वळणातून. नुसत्या दंडाने ओढाल तर तुमच्याहून दहा किलो जड माणूस तुम्हालाच ओढेल.

जोडीदारासोबत पहिला डाव

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. हुंग गारमध्ये कोपर ते मनगट या भागाला ‘पूल’ म्हणतात. तुमचा पूल समोरच्याच्या पुलाला लागला की बोलणं सुरू होतं, आणि पंजा त्या बोलण्यातूनच येतो.

दोघं समोरासमोर, उजवा पाय पुढे. उजवे हात मनगटाच्या थोडं वर एकमेकांना बाहेरच्या बाजूने टेकलेले, तळवे आपापल्याकडे. जोडीदाराने सावकाश, पण खरोखर, तुमच्या छातीच्या मध्यावर ढकलायचं. “सावकाश” आणि “खोटं” यात फरक आहे. त्याने हात हवेत भलतीकडे नेला तर तुम्ही काहीच शिकत नाही.

ढकल आली की तिला अडवू नका. स्वतःचा हात फिरवा: तळवा जो तुमच्याकडे होता तो बाहेर, समोरच्याकडे वळतो. कोपर जागेवर, बरगड्यांसमोर. हात फिरताना त्याचं मनगट तुमच्या मनगटावरून घसरत तळव्याखाली येतं. तुम्हाला ते शोधायला जावं लागत नाही, हे या डावाचं मर्म. शोधायला जावं लागत असेल तर कोपर बाहेर गेलेलं आहे.

मनगट तळव्याखाली आलं की मिटायला करंगळीपासून सुरुवात करा. करंगळी, अनामिका, मग मधलं बोट. तर्जनी आणि अंगठा हलके. विहिरीतून भरलेला पोहरा ओढताना दोर जसा करंगळीच्या बाजूने आवळला जातो आणि अंगाजवळून येतो, तसंच हे. अंगठा पूर्ण लपेटून कुलूप लावू नका. समोरच्याने हिसका दिला आणि अंगठा बाहीत अडकला तर त्याच्या मुळाचा अस्थिबंध जातो.

आता ओढ. सरळ स्वतःकडे ओढलंत तर त्याचं डोकं तुमच्या नाकावर येईल. ओढ तिरकी, खाली, उजव्या पँटच्या खिशाकडे. कंबर उजवीकडे वळते, कोपर खाली जातं. आता त्याच्याकडे पाहा: उजवा खांदा तुमच्या पुढ्यात आला आहे, उजव्या बाजूच्या बरगड्या उघड्या आहेत आणि त्याचा डावा हात त्याच्याच उजव्या हाताआड अडकला आहे. तुमचा डावा हात मोकळा आहे. डावा तळवा त्याच्या खांद्याच्या किंवा छातीच्या दिशेने न्या आणि वीतभर आधी थांबवा. मग सोडा.

सोडणं हाही डावाचा भाग आहे. कुठल्याही पकडीत सगळ्यात कमजोर जागा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात ती. स्वसंरक्षणाच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतात: हात धरला तर अंगठ्याच्या दिशेने काढून घ्या. समोरच्यालाही ते माहीत असतं. म्हणून मनगट धरून “आता काय करू” असा विचार करत उभं राहायचं नाही. पकड एका ओढीपुरती असते. ओढ लागली, तोल हलला, काम झालं. ओढ लागली नाही तरी सोडा आणि हात परत आणा, कारण तुम्ही त्याचा एक हात धरून ठेवला आहे तसाच त्यानेही तुमचा एक अडकवला आहे.

दहा वेळा उजवीकडे, दहा वेळा डावीकडे, मग भूमिका बदला. डावीकडे सगळं उलटं होऊन गोंधळ उडतो. तिकडे वेळ जास्त द्या.

हे बसलं की जागा बदला. मनगट घामाने निसटतं; मुंबईत मे महिन्यात बंद हॉलमध्ये सराव करून पाहा म्हणजे कळेल. कोपराच्या जरा वरचा दंड बाहेरून धरला तर तो ओढण्यापेक्षा ढकलायला बरा: कोपर त्याच्याच छातीवर ढकललं की तो आडवा वळतो आणि तुम्ही त्याच्या बाजूला पोचता. मान आणि खांदा यांच्यामधली जाड कड पंजात चांगली भरते, पण तिथे पोचायला फार जवळ जावं लागतं. बाही आणि कॉलर सगळ्यात पक्की पकड देतात. एक हात मनगटावर आणि दुसरा दंडावर असा दोन पंजांचा डाव हुंग गारच्या फॉर्ममध्ये वारंवार येतो. वरवर त्यात दोन्ही हात हवेत पसरल्यासारखे दिसतात. जोडीदार मध्ये उभा केला की ते काय धरत होते ते कळतं.

स्पारिंगमध्ये काय टिकतं

सरावात सुरेख बसलेला डाव स्पारिंगच्या, म्हणजे मोकळ्या सराव-लढतीच्या, पहिल्या मिनिटात गायब होतो. याचं एक कारण साधं आहे: डोळ्याने पाहून हात हलायला साधारण 0.2 सेकंद जातात, आणि चांगल्या बॉक्सरचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटकन मारलेला सरळ ठोसा, तेवढ्यात येऊन परतही निघालेला असतो. सुटा जॅब हवेत पकडण्याची स्वप्नं सोडून द्या. जो तसं शिकवतो त्याला ग्लोव्हज घालून खरा जॅब मारू द्यायला सांगा.

पकडता येतं ते थांबलेलं. त्याने ढकललं आणि हात तुमच्या छातीवर राहिला. त्याने कॉलर धरली. त्याचा हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, तुमच्या बचावासाठी उचललेल्या हातांवर आदळून क्षणभर तिथेच राहिला. तो पुढे झेपावला आणि दोघांचे हात गुंतले. या जागांवर पंजा फार चांगला चालतो, कारण हात आधीच लागलेले आहेत आणि डोळ्यांवर अवलंबून राहावं लागत नाही. म्हणून स्पारिंगमध्ये स्वतःला एकच काम द्या: दोन मिनिटांच्या फेरीत, स्पर्श झाल्यावरच, दोन वेळा ओढायचा प्रयत्न. ओढ लागली तरी पुढचा फटका मारू नका. तोल हलला का तेवढं पाहा.

सांडाच्या, म्हणजे वुशूमधल्या प्रत्यक्ष लढतीच्या, स्पर्धेत हातात बॉक्सिंगसारखे ग्लोव्हज असतात, त्यामुळे पंजाचा आकारच उरत नाही. पण हाताला हात लावून दिशा बदलणं आणि तिरकी ओढ देऊन फेकणं तिथेही कामाला येतं. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या एकत्रित नियमांत ओरबाडणं, चिमटे काढणं, कातडी पिळणं, सुटं बोट मोडणं, डोळ्यात बोट घालणं आणि श्वासनलिका पकडणं हे सगळे फाउल आहेत. म्हणजे सिनेमातला पंजा जवळपास सगळाच बाद. मनगट, दंड किंवा मानेमागची पकड मात्र तिथेही चालते, आणि हुंग गारचा उपयोगी भाग नेमका तोच आहे.

डोळे आणि गळा

जुन्या फॉर्ममध्ये पंजा चेहऱ्यावरून खाली ओढण्याच्या हालचाली आहेत. फॉर्ममध्ये करा, जोडीदारावर कधीही नाही, “हळू करतो” म्हणूनही नाही. बोट डोळ्यात जायला ताकद लागत नाही. बुबुळावर ओरखडा आला तर पाणी मारून परत सराव सुरू करू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. गळ्याच्या पुढच्या भागालाही हाच नियम.

रस्त्यावर वापरायचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेत (1 जुलै 2024 पासून लागू) स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या संरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये दिला आहे, आणि बचावासाठी गरज आहे त्यापेक्षा जास्त इजा करण्यापर्यंत तो पोचत नाही. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं ही कलम 116 नुसार गंभीर दुखापत आहे. मनगट ओढून, ढकलून बाहेर पळण्याची वाट काढणं आणि डोळ्यांवर जाणं यांतला फरक कोर्टात फार मोठा असतो.

बोट दुखलं तर

पकडीच्या सरावात सगळ्यात फसवी दुखापत अशी होते: तुम्ही टीशर्ट धरलेला असतो, समोरचा जोरात निसटतो, आणि एका बोटाचं टोक हिसक्याने सरळ होतं. बहुतेक वेळा अनामिकेचं. थोडी सूज, थोडं दुखणं, माणूस म्हणतो मुरगळलं असेल. लगेच तपासा. बोटाचं मधलं पेर दुसऱ्या हाताने स्थिर धरा आणि फक्त टोक वाकवा. टोक अजिबात वाकत नसेल तर टेंडन हाडापासून सुटलेलं असू शकतं. बर्फ लावून वाट पाहायची ही गोष्ट नाही. हाताच्या सर्जनकडे त्या आठवड्यातच जायला हवं, कारण सुटलेलं टेंडन मागे सरकत जातं आणि उशीर झाला की जोडणं अवघड होतं. बोटाच्या मुळाशी “टक” आवाज येऊन दुखायला लागलं तर टेंडनला हाडालगत धरून ठेवणारी कडी फाटलेली असू शकते. तिथेही पकडीचा सराव बंद आणि तपासणी आधी.

साधं मुरगळलेलं बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून चालतं. मध्ये कापसाचा पातळ थर घाला, नाहीतर घामाने कातडी सोलते. परत आल्यावर पहिले दोन आठवडे फक्त तळव्याचे फटके आणि हात फिरवणं. कापड धरणं नाही, बरणी नाही.

कुंग फूच्या क्लासमध्ये ‘दित दा जाउ’ नावाचं दारूत औषधी वनस्पती मुरवून केलेलं द्रावण हमखास मिळतं. मुक्या मारावर चोळायला ते ठीक आहे. पण ते पोटात घ्यायचं नसतं आणि फुटलेल्या कातडीवर लावायचं नसतं, कारण काही पारंपरिक पाठांत बचनागाच्या जातीची विषारी मुळं घालतात. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर घेऊच नका. घेतलीत तर लावून झाल्यावर हात साबणाने धुवा आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा.